न सांगितलेले अकरा नियम

पाणीखात्याच्या मीटर दुरुस्तीच्या कार्यशाळेत त्यांना सगळे जपूनराव म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते रोज वाचणारा कारकूनही तोंडाने जपूनरावच म्हणायचा. कारण साधं होतं. कुणी शिडीवर चढलं की हे खालून म्हणत, "जपून." कुणी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं तरी, "जपून." एकदा मोठे साहेब निवृत्त झाले. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, साहेब उत्तर द्यायला खुर्चीवरून उठले, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "जपून!" सगळी सभा खो खो हसली. जपूनराव हसले नाहीत. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता आणि तो फक्त त्यांना दिसला होता.

कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शहरभरातून बिघडलेले मीटर गोणीत भरून येत. पितळी अंगाचे, चिखलाने माखलेले, कुणाच्या पोटात वाळू, कुणाची काच आंधळी. जपूनराव एकेक उघडत, जाळी धुवत, आतलं इवलंसं चक्र मोकळं करत, दातेरी चाकं ब्रशने घासत. मग मीटर तपासणीच्या ओट्यावर बसवायचा, त्यातून मोजून शंभर लिटर पाणी सोडायचं आणि काटा खरं बोलतो का ते बघायचं. अर्ध्या लिटरचा फरक पडला तरी ते मीटर पुन्हा उघडत. "चालतंय की," असं शेजारचा म्हणाला, तर म्हणत, "चालतंय ते ठीक. बरोबर चालतंय का?"

ते मुळात या ओट्यावरचे नव्हते. आधी ते खड्ड्यावरचे फिटर होते. रस्ता खणायचा, खाली उतरायचं, फुटलेला पाइप जोडायचा. त्यांच्या जोडीदाराला सगळे गवय्या म्हणत. गाणं कसलं, एकच ओळ दिवसभर घोळवायचा, तीही अशा सुरात की रस्त्यावरची कुत्री उठून जावीत. जपूनराव त्या काळी हसरे होते. "तू गप्प बसलास तर मी दोन पाइप जास्त जोडेन," असं म्हणायचे, आणि गवय्या मुद्दाम आवाज चढवायचा.

एका दुपारी दोघे दोन पुरुष खोल खड्ड्यात उतरले. खड्ड्याच्या बाजूंना फळ्यांचा आधार द्यायला हवा होता, पण फळ्या दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. "अर्ध्या तासाचं तर काम," असं दोघांपैकी कोण म्हणालं, ते जपूनरावांना पुढे कधी आठवलं नाही. वीस मिनिटांनी एक बाजू कोसळली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. जपूनराव मोठ्या पाइपाच्या कुशीत दाबले गेले. तिथे तोंडापुढे ओंजळभर पोकळी राहिली, म्हणून ते जगले. उजवा खांदा निखळला होता, डाव्या हातात पाना तसाच होता. काळोखात, मातीच्या चवीत, त्यांना पाइपातून आवाज आला. टक, टक, टक. गवय्या होता. पलीकडून पाइपावर ठोकत होता.

जपूनरावांनी पान्याने उत्तर दिलं. टक, टक, टक. पलीकडून पुन्हा आलं. असं काही वेळ चाललं. मग त्यांना वाटलं, हात हलवला की श्वास जास्त लागतोय. त्यांनी ठोकणं थांबवलं. पलीकडून आणखी चार-पाच वेळा आवाज आला. मग तो थांबला.

पन्नास मिनिटांनी जपूनरावांना बाहेर काढलं. गवय्यालाही काढलं, पण त्याच्यात जीव नव्हता.

चौकशी झाली, तेव्हा जपूनराव म्हणाले, "मला काही आठवत नाही." बायकोने इस्पितळात हात हातात घेऊन विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, खांदा तेवढा गेलाय." खांदा बसला. डॉक्टरांनी जड काम नको असं लिहून दिलं आणि खात्याने त्यांची बदली मीटरच्या ओट्यावर केली. तेव्हा त्यांची मुलगी दीड वर्षांची होती. मुलगा तर जन्मालाही आला नव्हता.

पुढची चौदा वर्षं जपूनराव आदर्श बापासारखे वागले, असं शेजारपाजारचे सांगत आणि ते खोटं नव्हतं. दारूला शिवले नाहीत. मुलांवर हात उगारला नाही. मुलीला गुणाकार शिकवले, मुलाला सायकल. पालकसभेला पाच मिनिटं आधी हजर. पण घरातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघराचीसुद्धा एका रविवारी त्यांनीच काढून टाकली. "गंजली होती," एवढंच म्हणाले. जेवताना कधी मान एकाएकी ताठ व्हायची, नजर भिंतीवर जायची आणि घास हातातच राहायचा. अशा वेळी बायको मुलांना डोळ्यांनीच खुणावायची. मुलं गप्प व्हायची. थोड्या वेळाने जपूनराव परत यायचे, म्हणजे बसलेले तिथेच असायचे, पण परत यायचे, आणि म्हणायचे, "मीठ द्या जरा."

मुलगी हुशार निघाली आणि शहाणी. जरा जास्तच शहाणी. मुलगा निघाला नकलाकार. बाबांचे साहेब, समोरची म्हातारी, शाळेचा शिपाई, कुणाचीही नक्कल करायचा आणि घरात शांतता पसरली की हमखास करायचा. पाहुणे म्हणत, "काय गंमत्या आहे हो!"

मुलगी पंधरा वर्षांची असताना शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षा चालू होती. वाऱ्याने दार धाडकन लागलं. बाकीच्या मुलींनी मानही वर केली नाही. हिला मात्र वाटलं, हवा संपली. छाती धडधडायला लागली, हाताची बोटं वाकडी होऊन आवळली, ओठ बधिर झाले. बाईंनी तिला उचलून बाहेर आणलं. इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. "अभ्यासाचा ताण असेल," डॉक्टर म्हणाले. आठवड्याने वाचनालयात पुन्हा तेच झालं. मग बसमध्ये. मग तिने शाळेत जाणंच सोडलं. सकाळी दप्तर भरायची, बूट घालायची आणि उंबऱ्यापाशी बसून राहायची.

जपूनरावांनी आपल्या परीने काय काय केलं! शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला विनंती केली की वर्गाचं दार उघडं ठेवा. स्वतः जाऊन प्रयोगशाळेच्या दाराला खालून लाकडी पाचर बसवून दिली. पण शाळेने आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं, तेव्हा मात्र ते उखडले.

"माझ्या मुलीला काही वेड लागलेलं नाही."

"वेड कोण म्हणतंय?" बायको म्हणाली. एरवी ती त्यांच्यापुढे शब्दाला शब्द लावायची नाही. त्या दिवशी लावला. "अहो, ती श्वास घेताना मोजते. मी ऐकलंय. तुम्ही ऐकलं नाहीत?"

त्यांनी ऐकलं होतं. मुलगी आईबरोबर बाईंकडे जायला लागली.

तीन-चार भेटींनंतरच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. जपूनराव टेबलाशी चहा पीत बसले होते. मुलगी आली आणि वहीचं एक पान त्यांच्यापुढे ठेवून उभी राहिली.

"बाबा, हे वाचा."

"काय आहे?"

"बाईंनी लिहायला सांगितलं होतं. आपल्या घरात कोणते नियम आहेत ते."

"आपल्या घरात कसले नियम?" जपूनराव हसून म्हणाले. "मी कधी नियमबियम केले?"

मुलीने पान पुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला.

अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. *दार कधीही पूर्ण लावायचं नाही. डोक्यावरून पांघरूण घ्यायचं नाही. टेबलावर, ताटावर, भिंतीवर, कशावरही ठोकायचं नाही, बोटांनीसुद्धा नाही. बाबा भिंतीकडे बघत असतील तर हलायचं नाही. बाबांना यायला उशीर झाला तर आईला विचारायचं नाही, ती आधीच घाबरलेली असते. उजव्या खांद्याबद्दल बोलायचं नाही. आपल्याला भीती वाटली तर सांगायची नाही, कारण मग बाबांना जास्त वाटते.* असे दहा होते. एकेक आकडा टाकून, समोर सरळ ओळीत. सगळ्यात खाली अकरावा: *हे नियम आहेत हे बाबांना कळू द्यायचं नाही.*

चहावर साय धरली. जपूनरावांनी पान दोनदा वाचलं.

"हे तुला कुणी सांगितलं? आईने?"

"नाही."

"मग?"

"कुणी सांगितलं नाही, बाबा. कळतं. तुमच्या मानेवरून कळतं. आधी मान ताठ होते, मग तुम्ही जाता."

"कुठे जातो?"

"ते आम्हाला माहीत नाही," मुलगी म्हणाली.

दारात उभा राहून मुलगा ऐकत होता. तो म्हणाला, "मी पण लिहिले होते. माझे नऊच झाले. ताईचे दोन जास्त निघाले." नेहमीप्रमाणे त्याला हसवायचं होतं. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याचाच चेहरा रडवेला झाला.

जपूनराव उठले, पान घडी करून खिशात ठेवलं, चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडले. बायको घाबरून उंबऱ्यापर्यंत मागे आली. पण ते कुठे भरकटले नव्हते. ते थेट आरोग्य केंद्रावर गेले. केंद्र बंद होतं. पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "समुपदेशक बाई कधी येतात?" तो म्हणाला, सोमवारी नऊ वाजता. सोमवारी सव्वाआठला जपूनराव दारात उभे होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कामावर उशिरा येईन असा निरोप धाडला होता.

बाईंची खोली केंद्राच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे औषधांची खोकी ठेवत, त्यांचा वास अजून होता. दोन न जुळणाऱ्या खुर्च्या, एक टेबल, एक खिडकी. बाई केस पिकलेल्या, आवाजाने शांत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "दार उघडं ठेवू की लावू?"

"उघडं," जपूनराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. एवढी साधी गोष्ट त्यांना आजवर कुणी विचारली नव्हती.

पहिल्या तीन भेटींत ते फक्त मीटरबद्दल बोलले. जाळी कशी तुंबते, काटा कधी खोटं बोलतो, कुठल्या भागातून वाळू येते. बाई ऐकत राहिल्या. आणखी दोन भेटी तशाच गेल्या असत्या तर बाईंनाही मीटर खोलता आला असता. चौथ्या भेटीत काहीतरी लिहिता लिहिता बाईंच्या हातातलं पेन सहज टेबलावर वाजलं. टक, टक, टक. जपूनराव ताडकन उठले. कपाळावर घामाचे थेंब.

"ते थांबवा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "थांबवलं. काय झालं?"

आणि त्या दिवशी, उभ्यानेच, खिडकीची चौकट धरून त्यांनी सगळं सांगितलं. माती, पाना, पाइप, गवय्याचं ठोकणं. आणि ज्याचा उच्चार त्यांनी स्वतःशीसुद्धा केला नव्हता, तेही. "मी उत्तर देणं थांबवलं, म्हणून तो थांबला. त्याला वाटलं असेल, मी गेलो. म्हणून त्याने सोडून दिलं."

बाईंनी त्यांना पाणी दिलं. पेला रिकामा करून जपूनराव म्हणाले, "पण मी मुलांना यातला एक शब्दही कळू दिला नाही. मुलगा तर तेव्हा नव्हताच. मग त्यांना हे कसं झालं?"

"शब्द कळू दिला नाहीत, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण लहान मूल शब्द नंतर शिकतं. आधी घरातल्या मोठ्यांचा चेहरा वाचतं. जग बरं आहे की वाईट, ते त्यावरूनच ठरवतं. तुमच्या चेहऱ्यावर रोज दिसत होतं की काहीतरी कोसळणार आहे. काय कोसळणार, ते मात्र दिसत नव्हतं. मग मुलांनी सगळ्यालाच टेकू द्यायला घेतलं. एकीने जपून राहून, दुसऱ्याने हसवून."

"म्हणजे दोष माझा."

"अपघात तुम्ही मागवला होता का? आणि सगळंच त्यातून आलंय असंही मी म्हणत नाही. थोडा तिचा स्वभाव असेल, थोडं वय. त्यातलं किती कशामुळे, हे मोजायचा मीटर माझ्याकडे नाही. पण तुमच्या हातातली एक गोष्ट आहे."

"कुठली?"

"त्यांना माहीत नाही तुम्ही कुठे जाता. ते सांगता येईल."

हे ऐकायला सोपं आहे. जपूनरावांना त्यासाठी सात आठवडे लागले. बाईंच्या खोलीत त्यांनी आधी ते पुन्हा पुन्हा सांगितलं, इतकं की सांगताना पाय जमिनीवर आहेत हे त्यांना जाणवू लागलं. मग एका रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर ते म्हणाले, "कुणी उठू नका." त्यांनी मुलांना कळेल अशा बेताने, पण काहीही न लपवता, खड्ड्याची गोष्ट सांगितली. ठोकण्याबद्दलही सांगितलं. बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती. "मला काही आठवत नाही" या वाक्याशी तिने चौदा वर्षं संसार केला होता. तिने पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली.

मुलगी म्हणाली, "मी लहान असताना चमच्याने ताट वाजवलं होतं. तुम्ही माझ्या हातातून चमचा ओढून घेतलात आणि घराबाहेर निघून गेलात. संध्याकाळी आलात."

"तुला आठवतंय ते?" जपूनरावांनी विचारलं. "चार वर्षांची होतीस तू."

"मला वाटायचं, मी आवाज केला तर तुम्ही निघून जाल. आणि एकदा परत येणारच नाही."

जपूनराव उठून तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसले. "तुझ्यावर नव्हतो गं रागावलो. एकदाही नाही. तो आवाज मला सोसवत नव्हता. ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

मुलीने त्यांच्या खांद्यावर, त्या उजव्याच, डोकं टेकलं. मुलगा जरा वेळाने म्हणाला, "बाबा, तो गवय्या गायचा कसा?" जपूनरावांनी एकदा गाऊन दाखवलं. इतकं भयंकर की बायको रडता रडता हसली. ते म्हणाले, "हे तर बरंच आहे. तो याहून बेसूर होता."

एक गोष्ट राहिली होती. गवय्याची बायको त्याच शहरात राहत होती, शाळेचे गणवेश शिवायची. चौदा वर्षांत जपूनरावांनी तिच्या गल्लीतून जाणं टाळलं होतं. त्यांनी जायचं ठरवलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "मी येते." त्यांनी नको म्हटलं. ती म्हणाली, "मी बाहेर थांबले तर मला जास्त भीती वाटेल." हेही ती आता सांगायला लागली होती, म्हणून ते तिला घेऊन गेले.

खोलीत शिवणयंत्र होतं, निळ्या कापडाचे तागे होते, दोरीवर बटणं न लावलेले शर्ट. वहिनींनी त्यांना ओळखलं. बसा म्हणाल्या, पण हातातला शर्ट खाली ठेवला नाही.

"वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. फार उशीर केला," असं म्हणून जपूनरावांनी सांगितलं. पाइपाचं, ठोकण्याचं, आपण थांबल्याचं. शेवटी म्हणाले, "मी थांबलो नसतो तर कदाचित..."

वहिनींनी शर्ट मांडीवर ठेवला.

"तो ठोकत होता?"

"हो."

"हे मला कुणीच सांगितलं नाही. मला सांगितलं, माती पडली, खेळ खलास." त्या पुढे सरकल्या. "आणि तुम्ही उत्तर देत होता?"

"हो. आधी."

"किती वेळ?"

"नक्की नाही सांगता येत. दहा मिनिटं असतील. पंधराही असतील."

"म्हणजे तेवढा वेळ तो एकटा नव्हता." वहिनींनी डोळे पुसले आणि मग एकदम आवाज चढवला. "चौदा वर्षं मी रोज कल्पना करते की तो अंधारात एकटा पडलाय, हाका मारतोय आणि कुणाला ऐकू जात नाही. रोज! आणि तुमच्याकडे हे होतं? दोन गल्ल्या सोडून बसला होता तुम्ही! थांबलात म्हणून नाही हो मी रागावणार, तुम्हालाही जीव होता. आला नाहीत म्हणून रागावतेय."

जपूनराव मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "रागवा. बरोबर आहे."

वहिनी आणखी बऱ्याच रागावल्या. मग त्यांनी चहा केला. मुलीला जवळ बसवून विचारलं, "कितवीत आहेस?" मुलीने सांगितलं की ती सध्या शाळेत जात नाही आणि का जात नाही. वहिनी म्हणाल्या, "मला तेव्हा दोन वर्षं बाजारात जाता येत नव्हतं. मधल्या चौकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. मग एक दिवस चौकापुढे गेले." निरोप घेताना त्या जपूनरावांना म्हणाल्या, "आता चौदा वर्षं लावू नका."

यातून मुलगी दुसऱ्या दिवशी टुणटुणीत बरी झाली, असं काही झालं नाही. तिचं एक वर्ष बुडालं. शाळेत ती आधी एक तास बसू लागली, मग दोन. डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या. ते कळताच जपूनरावांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे मुलांच्या आत्याने, घरी येऊन कपाळावर हात मारला. "पोरगी डोक्याच्या गोळ्या खाते! उद्या लग्नाच्या वेळी काय सांगशील?"

"तू रक्तदाबाची गोळी खातेस ना, अक्का?" जपूनराव शांतपणे म्हणाले.

"मग?"

"भावोजींना सांगितलंयस? की त्यांनी अजून तुला पसंत करायचं आहे?"

आत्या चार महिने बोलली नाही. मुलाने मात्र तिच्या फुरंगटण्याची अशी नक्कल बसवली की ती घरात कायमची झाली. तोही बाईंकडे काही दिवस गेला होता. नकला त्याने सोडल्या नाहीत, पण आता कधी कधी गप्पही बसायचा आणि त्या शांततेत त्याला काही टोचत नसे.

जपूनरावांचे स्वतःचे काही दिवस वाईटच जायचे. मान ताठ व्हायची, नजर भिंतीवर जायची. पण परत आल्यावर आता ते "खड्ड्यात गेलो होतो" असं सांगायचे. मग जेवण पुढे चालू व्हायचं. पुढे एका खणकामावर दोन जण कमरेपर्यंत गाडले गेले. दोघेही वाचले. बातमी ऐकताच जपूनराव उघडलेला मीटर तसाच टाकून इस्पितळात गेले. दुपारभर ते त्या दोघांच्या खाटांमधल्या स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "यांचे हातपाय तपासलेत, बाकीचं कोण तपासणार?" साहेबांनी आधी टोलवलं. जपूनराव दर सोमवारी तोच प्रश्न घेऊन जात राहिले. अकरा सोमवार गेल्यावर खात्याने आदेश काढला की अपघातातून आलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना समुपदेशकाकडे पाठवावं. आदेश चार ओळींचा होता. पण जपूनरावांच्या आधी तो कुणी मागितला नव्हता.

मुलगी आता बसगाड्यांची वेळापत्रकं लावणाऱ्या कचेरीत आहे. कचेरी पाचव्या मजल्यावर. ती अजूनही जिन्यानेच जाते. गेल्या महिन्यात जपूनराव तिला सकाळी भेटायला गेले. लिफ्ट समोरच उभी होती. मुलगी म्हणाली, "तुम्ही या हिने, गुडघे दुखतात तुमचे." ते म्हणाले, "चल, हळूहळू चढू." तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. कठडा धरून म्हणाली, "बाबा, आज येतंय."

पूर्वीचे जपूनराव असते तर त्यांनी खिडक्या उघडल्या असत्या, पाणी मागवलं असतं, माणसं गोळा केली असती. ते पायरीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झटकली. ती बसली. माणसं फायली घेऊन वरखाली करत होती, दोघांना वळसा घालून जात होती. एकाने विचारलं, "काही हवंय का?" जपूनराव म्हणाले, "नको. बसलोय जरा."

सात-आठ मिनिटं गेली. मुलीचा श्वास संथ झाला. तिने कपाळ पुसलं आणि सांगू लागली की स्टेशनकडे जाणाऱ्या नऊ नंबरच्या बसची वेळ रोज सकाळी का चुकते आणि ती चूक तिने कशी शोधून काढली. साहेबांना अजून पटलेलं नाही, पण ती पटवणार होती. जपूनरावांनी मध्ये दोन प्रश्न विचारले. दोन्ही नेमके होते, ती म्हणाली. मग दोघे उठले आणि राहिलेले दोन मजले चढून गेले.